मागची सीट राहू दे

११ जानेवारी, रविवार

गाडी : रस्त्यावर चालवायची मोटारसायकल, बावीस वर्षांची. तक्रार : काही नाही. काम : डोंगरावर चढवणे.

सव्वीस वर्षं कारखान्यात यंत्रांची देखभाल केली ती अशीच. आधी नोंदवही, मग पाना. ऑक्टोबरात कारखाना बंद झाला तेव्हा जो तो आपल्या कपाटातलं काही ना काही घरी घेऊन गेला. मी ही कोरी नोंदवही आणली. तीन महिने ती कपड्यांखाली पडून होती. आज बाहेर काढली, कारण पत्र आलं.

पत्र मास्तरांच्या शाळेबद्दलचं. मास्तर म्हणजे माझा नवरा. लग्नाच्या आधीपासून सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणते. शाळा वरच्या गावात. ऑगस्टच्या शेवटी दरड कोसळली आणि पुलापुढचा सात किलोमीटर रस्ता वाहून गेला. उरली ती नुसती दगडगोट्यांची पायवाट. तेव्हापासून पोरं खाली येतात आणि पुलाजवळच्या एका गोदामात शाळा भरते. आता शिक्षण कार्यालयाचं म्हणणं असं, की जिथे वाहन पोहोचत नाही तिथली शाळा मार्चपासून बंद. पोरं अकरा. सगळ्यांत धाकटी सहा वर्षांची. ती सगळी शहराच्या वसतिगृहात जायची आणि मास्तरांची बदली कुठल्या तरी टोकाला व्हायची.

एकच सवलत दिली आहे. २ मार्चला अधिकारी बाई पुलावर येऊन उभ्या राहणार. मास्तरांनी त्यांच्यासमोर आपल्या वाहनाने निघायचं आणि तासाभराच्या आत वरच्या शाळेतल्या फोनवरून त्यांना फोन करायचा. फोन आला तर शाळा राहील.

मास्तरांनी पत्राची घडी घालून ते चष्म्याच्या डबीत ठेवलं. मी म्हटलं, "तुमची गाडी द्या मला. वर चढेल अशी करून देते."

ही गाडी मास्तर तळहाताच्या फोडासारखी जपतात. दर रविवारी मऊ फडक्याने पुसतात. चालवतात अशा वेगाने, की मागून सायकलवाले घंटी वाजवतात. मला वाटलं नाही म्हणतील, निदान दोन दिवस मागून घेतील. तर म्हणाले, "घे."

"कापावी लागेल."

"काप."

कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. पण हात शिवशिवायला लागले होते, म्हणून खोलात शिरले नाही.

१२ जानेवारी, सोमवार

मागच्या अंगणात गाडी दोन ठोकळ्यांवर चढवली. उतरवलं ते असं : दोन्ही चकचकीत मडगार्ड, पायांपुढचा दांडा, आरसे, साडीगार्ड, मधला स्टँड. सगळं मिळून तेरा किलो. एवढं ओझं ही बिचारी बावीस वर्षं विनाकारण वाहत होती.

करायचं ते असं : दगडमातीत रुतून पकडतील असे टायर. पुढचं मडगार्ड चाकापासून हातभर वर, म्हणजे चिखल अडकणार नाही. सायलेन्सर वरून वळवायचा, इंजिनाखाली जाड पत्रा, रुंद हँडल, मागच्या चाकाला जास्त दात्यांचं चक्र म्हणजे हळू पण जोराने ओढेल. मागचे शॉकअप उंच. आणि मागची शेपटी कापून एकाच माणसाची सीट.

मास्तर सहाच्या सुमाराला आले आणि पायरीवरच टेकले. यादी ऐकून घेतली. म्हणाले, "बाकी तुला हवं ते कर. मागची सीट राहू दे."

"अहो, असल्या गाडीवर मागे माणूस बसवत नाहीत. वजन कमी करायचंय की वाढवायचंय?"

"बरं."

मास्तरांच्या 'बरं'चा अर्थ मला पंचवीस वर्षांत लागलेला नाही.

१८ जानेवारी, रविवार

ठिणगी आले. ठिणगी आमच्या कारखान्यातले वेल्डर. साठीला टेकलेत, पण त्यांच्याकडे एकही शर्ट बिनभोकाचा नाही. वेल्डिंगचं यंत्र हातगाडीवर घालून स्वतः ढकलत आणलं आणि दारातूनच ओरडले, "फोरमनबाई, कुठंय पेशंट?" मी कधी फोरमन नव्हते. फोरमन माझ्या शब्दाबाहेर नव्हता म्हणून हे नाव पडलं.

फ्रेमची शेपटी बरोब्बर नऊ इंच कापली. मास्तरांना टोक धरायला सांगितलं होतं. करवत आरपार गेली तेव्हा तो तुकडा हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. नवं बाळ कुणी हातात दिल्यावर पुरुष उभे राहतात तसे.

"मागची सीट राहिली असती तर बरं झालं असतं," म्हणाले.

"आता झालं की कापून!"

"हो, दिसतंय."

ठिणगींना हसू आलं. मला आलं नाही. सुतक असल्यासारखं तोंड करून कुणी शेजारी उभं असलं की माझा हात बिघडतो. मास्तरांना चहा करायला पाठवलं. ते गेले, पण तुकडा घेऊनच गेले.

२२ जानेवारी, गुरुवार

मास्तरांचे मोजे धुताना हैराण झाले. काटेरी कुसळांनी भरलेले. एकेक ओढून काढायला अर्धा तास गेला. म्हटलं, "गोदामाभोवतीचं गवत कापून घ्या की जरा." म्हणाले, "सांगतो कुणाला तरी."

हे काम माझं नाही, पण कुणी करत नसेल तर एका रविवारी विळा घेऊन मीच जाऊन येईन म्हटलं. तर एकदम म्हणाले, "नको नको, तुझं काम अडेल." माझ्या कामाची एवढी काळजी बरी नव्हे.

२७ जानेवारी, मंगळवार

सायलेन्सरने दमवलं. खालून जाणारा पाईप उजव्या बाजूने वर न्यायचा, म्हणजे दगडावर आपटणार नाही. पण तो माणसाच्या पोटरीला भाजताही कामा नये. तीन ठिकाणी कापून तीन कोनांत जोडला. पहिल्यांदा जोडला तो शेजारच्या घरात घुसेल असा गेला. दुसऱ्यांदा बरा. तिसऱ्यांदा असा बसला, की ठिणगींनी डोक्यावरची टोपीच काढली.

मास्तर लवकर जेवून आडवे झाले होते. हल्ली आठलाच डोळे मिटतात. सकाळी साडेपाचची पहिली बस धरतात, गोदाम झाडून घ्यायला लागतं म्हणे. मी पाईपवर भोकाचा पत्रा बसवत होते तर आतून आवाज आला, "ते पुन्हा म्हण ना."

"काय?"

"गात होतीस ते."

मी गात नव्हते. निदान मला तसं माहीत नव्हतं.

१ फेब्रुवारी, रविवार

आज भांडण झालं. लिहून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको मी विनाकारण चिडते.

हँडल बसवलं. रुंद, मधे आडवा दांडा असलेलं, हात पसरून धरता येईल असं. मास्तर गाडीभोवती फिरले. म्हणाले, "जरा रुंद वाटतंय." परवा म्हणाले होते सायलेन्सरचा आवाज जड वाटतो. त्याच्या आधी म्हणाले होते मडगार्डचा रंग पुन्हा बघू या. ज्या माणसाला पाना आणि पक्कड यांतला फरक समजावून सांगावा लागतो, तो मला खोट काढून दाखवतो! मी म्हटलं, "तुमच्या मनासारखं करत बसले तर मार्च उजाडेल."

"मार्चला अजून महिना आहे."

"आणि दुसरं काही राहिलंय?"

ते पायरीवर टेकले. मग म्हणाले, "मागची सीट."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. हातातलं फडकं आपटलं. म्हटलं, तुम्हाला ही गाडी द्यायचीच नव्हती तर पहिल्या दिवशीच सांगायचं होतं, वर तोंडाने 'घे' म्हणायचं आणि मग रोज एक खुसपट काढायचं, हे मला चालणार नाही. मास्तर उठले, पट्टा वर ओढला आणि आत गेले. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने एक नवं भोक पाडलंय, तेही वाकडं. चामडं ताणलं असेल. माझ्याकडे मागितलं असतं तर पंचने गोल पाडून दिलं असतं. पण नाही, अबोला धरायचा म्हटल्यावर भोकसुद्धा स्वतःच पाडायचं.

हँडल चारही बाजूंनी मोजलं. अजिबात रुंद नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नणंद येऊन गेली. ती पलीकडच्याच घरात राहते आणि शिवणकाम करते. दारातच म्हणाली, "वहिनी, दादा किती वाळलाय. खायला घालतेस की नाही?"

म्हटलं, वन्सं, भाऊ सगळ्या बहिणींना वाळलेलेच दिसतात. दोन वेळचं पोटभर खातो तुमचा दादा, परवा तर माझ्या ताटातलंही खाल्लं. गाडीचा चकचकीत पत्रा गेला त्याचं दुःख करतोय, दुसरं काही नाही.

ती अंगणात जाऊन गाडी बघून आली. मग माझ्याकडे बघत बसली. म्हणाली, "तू मात्र बरी दिसतेस हो. दिवाळखोरीत निघालेल्या दुकानासारखी बसायचीस त्या खिडकीत. मला यायला भीती वाटायची." काहीही बोलते. मी विश्रांती घेत होते. सव्वीस वर्षं पाळ्या केल्यावर माणसाने तीन महिने बसू नये?

मास्तरांचे बूट चांभाराकडून आणले. ऑक्टोबरापासून तिसऱ्यांदा तळ लावला. हल्ली चामडं चांगलं मिळतच नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चालवून बघितली!

इंजिन मी आवाजावरून ओळखते. पन्नास पावलांवरून सांगेन कुठला बेअरिंग रडतोय. आज हिचा आवाज स्वच्छ होता. मास्तर शाळेत, ठिणगी त्यांच्या नव्या कामावर. दुपारी मी एकटीच गाडी गावाबाहेरच्या खडीच्या माळावर नेली. जुनेच शॉकअप आहेत अजून, पण टायर नवे. पायदानांवर उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे आणि गाडीला तिच्या मनाने खाली नाचू द्यायचं. ओहोळात उतरले, चढले. दगडांच्या उतारावर मागचं चाक घसरलं आणि मी कडेच्या गवतात सपशेल आडवी झाले. कोपर सोलवटलं.

वय वर्षं एक्कावन्न. पडल्यापडल्या मला हसू फुटलं आणि थांबेचना. मजा आली, हे नोंदवहीत लिहायला लाज वाटते, तरी लिहिते.

मास्तरांना कोपर दिसलंच. कुठे पडलीस विचारलं. सगळं सांगितलं, ओहोळ, दगड, घसरणं, उभं राहून चालवणं. जेवण निवून गेलं तरी ते ऐकत होते. म्हणाले, "भीती नाही वाटली?" म्हटलं, "तुम्हालाही नाही वाटणार, शिकवते की." त्यावर भाजी वाढून घेतली आणि विषय बदलला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शॉकअप आले. स्प्रिंग माणसाच्या वजनावरून निवडायची असते. सैल असली तर गाडी दगडावर बूड आपटते, कडक असली तर माणसाला उडवते. मास्तरांच्या ऑगस्टातल्या तपासणीच्या कागदावर वजन आहे चौऱ्याऐंशी. त्या हिशेबाने घेतली. रविवारी मास्तर घरी असतील तेव्हा त्यांना बसवून माप लावायचं, की गाडी तयार. आठ दिवस हातात राहतील. मास्तरांना चालवायला शिकवायला पुरेत.

काम संपत आलं. आज अवजारं पुसून पेटीत ठेवली. मग का कुणास ठाऊक, पुन्हा काढून पुन्हा पुसली.

२२ फेब्रुवारी, रविवार

आजचं सगळं उलटसुलट आठवतंय. पण क्रमाने लिहिते.

शॉकअप बसवले. त्याचं माप साधं आहे : मोकळी गाडी आणि वर माणूस बसलेली गाडी, यांत मागची बाजू तीन बोटं खाली गेली पाहिजे. मास्तरांना म्हटलं, बसा. बसले. मी बोटं लावली. दीडच बोट.

म्हटलं, नीट बसा, पाय वर घ्या. घेतले. दीड बोट. स्प्रिंगचा ताण कमी करून पाहिला, दीडाचं पावणेदोन. दुकानदाराने चुकीची स्प्रिंग दिली असं म्हणून मी त्याचा उद्धार करायला लागले. स्प्रिंगवरचा आकडा पाहिला. स्प्रिंग बरोबर होती.

म्हणजे चूक माणसात होती. मी मान वर करून मास्तरांकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं असं, ते लिहवत नाही. शर्टाची कॉलर गळ्यापासून सुटलेली. गालांची हाडं वर आलेली. पट्ट्याला एक नाही, तीन भोकं.

हाताला धरून त्यांना नणंदेकडे नेलं, तिच्याकडे वजनाचा काटा आहे. त्र्याहत्तर. नणंदेने त्यांना उतरवून पुन्हा उभं केलं, तरी त्र्याहत्तरच. मनात नाही नाही ते आजार येऊन गेले. परत येताना म्हटलं, "उद्या शाळा नाही, आधी डॉक्टर."

मास्तर आमच्या पायरीवर बसले. म्हणाले, "मला काही झालेलं नाही. मी चालतो."

"कुठे?"

"शाळेत."

"किती?"

"सात जायचे. सात यायचे."

"कधीपासून?"

"रस्ता गेला तेव्हापासून."

"आणि ते गोदाम?"

"गोदामात खताची पोती आहेत," मास्तर म्हणाले. "तिथे शाळा कधी भरलीच नाही."

सहा वर्षांची पोर रोज सात किलोमीटर डोंगर उतरून खाली कशी येईल, हा साधा प्रश्न मला इतक्या महिन्यांत पडला नाही. कुसळं मी वेचली, बूट मी तळ लावून आणले, आणि मी म्हणे आवाजावरून बेअरिंग ओळखते.

म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"आधी तू कारखान्यातून थकून यायचीस, म्हणून नाही. चालू नका म्हणून अडून बसली असतीस. मग कारखाना गेला." ते बुटाच्या नाडीशी चाळा करत होते. "मी सकाळी निघायचो तेव्हा तू खिडकीत. संध्याकाळी यायचो तेव्हा खिडकीत. चहाचा कप तोच, साय आलेला. काय बोलावं कळायचं नाही. त्या दिवशी पत्र आलं आणि तू म्हणालीस, गाडी द्या. तो आवाज तुझा होता. तीन महिन्यांनी ऐकला मी."

"म्हणून दिलीत?"

"तू घर मागितलं असतंस तरी दिलं असतं."

मला रडू आलं. नाक पुसायला हातात होतं ते ग्रीसचं फडकं, त्यामुळे पुढचं सगळं काळ्या तोंडानेच ऐकलं.

"आणि मग हँडल रुंद आहे, आवाज जड आहे, हे काय होतं?"

"तू काम फार लवकर संपवतेस," मास्तर म्हणाले.

मी फडकं खाली ठेवलं. मग ते आपण होऊन म्हणाले, "आणखी एक. ती वाट मला गाडीवर जमायची नाही. दरडीपाशी एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला काही नाही. पायी मी डोंगराला हात लावत जातो. मी भितो. पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला."

"मग चालवणार कोण होतं?"

माझ्याकडे बघत राहिले. "मागची सीट राहू दे म्हटलं होतं ना. तीनदा."

आत येऊन मागची पानं उलटली. १२ जानेवारी. १८ जानेवारी. १ फेब्रुवारी. तिन्ही ठिकाणी माझ्याच अक्षरात लिहिलंय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मास्तर पहाटे नेहमीसारखे निघाले. मी डबा दुप्पट भरला. पुलापर्यंत बसने सोबत गेले आणि ते वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले. गोदामात खरंच खताची पोती आहेत.

सात दिवस उरलेत आणि गाडीला शेपटी नाही. नवी नळी आणायची, वाकवायची, जोडायची. बसेल की नाही देव जाणे. ठिणगींना निरोप पाठवला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ठिणगी आले ते काखेत गोणपाटाचं गाठोडं घेऊन. सोडलं तर आत माझाच नऊ इंचाचा तुकडा. घासलेला, गंज लागू नये म्हणून तेल लावलेला.

"मास्तर त्याच दिवशी देऊन गेले," म्हणाले. "टाकू नका, लागेल म्हणाले."

"मग मला सांगायचं नाही?"

"फोरमनबाई, मी लोखंडाला लोखंड जोडतो. नवरा-बायकोच्या मधे मी वेल्ड मारत नसतो."

आतून जाड नळीचा आधार देऊन शेपटी परत जोडली. जोड बाहेरून दिसतो. ठिणगी म्हणाले घासून रंग मारू, दिसणार नाही. मी म्हटलं, दिसू दे.

सीट लांब केली. मागची पायदानं बसवली. माल वाहणाऱ्या तीनचाकीच्या जाड स्प्रिंगा ठिणगींनी कुठून तरी शोधून आणल्या. संध्याकाळी मास्तर आले तसे त्यांना बूटही काढू न देता मागे बसवलं, पुढे मी बसले. ठिणगींनी खाली वाकून बोटं लावली.

"तीन," म्हणाले. "तंतोतंत."

२८ फेब्रुवारी, शनिवार

रोज संध्याकाळी मास्तरांना मागे घेऊन माळावर जाते. कालपर्यंत ते पोतं बसल्यासारखे बसत होते आणि गाडी एकीकडे वळली की हे दुसरीकडे झुकत. आज जमलं. मी उभी राहिले की तेही उठतात, मी झुकले की तेही. डोळे मात्र मिटलेले असतात. दीड तासात एकोणीस वेळा 'हळू' म्हणाले, मी मोजलं.

एकदा दोघंही पडलो. गवतात. मास्तर आधी माझ्याकडे धावले आणि नंतर गाडीकडे. बावीस वर्षांत पहिल्यांदाच क्रम असा लागला असेल.

२ मार्च, सोमवार

सकाळी नऊला पुलावर. अधिकारी बाई आधीच आल्या होत्या. सडपातळ, पांढरे, आखूड कापलेले केस, हातात कागदांचं पॅड. गाडीभोवती एक फेरी मारली.

"वाहन कुणाचं?"

"माझं," मास्तर म्हणाले.

"चालवणार कोण?"

"या. माझी बायको."

बाईंनी कागद वाचला, उलटा करून मागचं वाचलं. म्हणाल्या, "वाहन शिक्षकाचं हवं एवढंच लिहिलंय. कुणी चालवायचं ते लिहिलेलं नाही." मग थेट मला विचारलं, "आजच्यापुरतं, की रोज नेणार?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. २ मार्चच्या पलीकडे मी काही पाहिलंच नव्हतं. मागून मास्तर उत्तर देतील असं वाटलं, पण ते चष्मा पुसत होते.

"रोज," मी म्हटलं.

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि आम्ही निघालो.

पहिले चार किलोमीटर दगडगोटे. ओढ्याचं पाणी गुडघ्याखाली, पण सायलेन्सर वर असल्याने बिनधास्त गेलो. मग दरड आली. वाट दोन हात रुंद, डावीकडे माती, उजवीकडे खोल दरी. मातीवर एका उंचीला हाताच्या खुणा होत्या, गुळगुळीत झालेल्या, ओळीने. कुणाच्या ते विचारावं लागलं नाही. पहिला गियर टाकला, पायदानांवर उभी राहिले. मागे मास्तरही उठले. माझ्या कमरेला त्यांचे हात होते आणि त्या अख्ख्या पट्ट्यात एकदाही 'हळू' म्हणाले नाहीत. मधेच एक दगड चाकाखालून निसटला आणि खाली जाऊन वाजला. इंजिनाचा आवाज बदलू दिला नाही. पलीकडे पोहोचलो तेव्हा मी विचारलं, "डोळे मिटले होते ना?"

"नाही. आज उघडे होते."

शाळा म्हणजे एक लांबट खोली आणि पुढे पायऱ्या. अकरा पोरं रांगेत उभी. मास्तर उतरले ते सरळ फोनकडे गेले. मी दारात उभी राहिले. त्यांनी नंबर फिरवला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

"बाई, वर पोहोचलो."

पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आला. "एक्केचाळीस मिनिटं. शाळा चालू राहील. आणि त्यांना सांगा, उतरताना सावकाश."

पोरांनी एकच गलका केला. मास्तर रिसीव्हर तसाच हातात धरून उभे होते. ठेवायचं विसरले.

मग मी खोली पाहिली. एका भिंतीवर तक्ता होता. पोरांनी दर सोमवारी मास्तरांचं वजन करून रकाने रंगवले होते, सप्टेंबरपासून, पायऱ्यांसारखे खाली खाली येणारे. स्तंभालेख शिकवायला म्हणे! जे मला घरात दिसलं नाही ते इथे निळ्या खडूत रंगवलेलं होतं. समोरच्या भिंतीवर, फळ्याच्या वरती, एका मोठ्या कागदावर मोटारसायकल. रुंद हँडल, वर उचललेलं मडगार्ड, जाड टायर, प्रत्येक भागाचं नाव बाणाने दाखवलेलं. मी रोज घरी काय केलं ते मास्तर दुसऱ्या दिवशी इथे येऊन पोरांकडून त्यात भरून घ्यायचे. पण मूळ चित्र मास्तरांच्या हातचं. खाली तारीख घातली होती, १२ जानेवारी. आणि गाडीवर दोघं बसलेली. पुढे केस उडणारी एक बाई आणि मागे चष्मा लावलेला एक माणूस.

सहा वर्षांची ती धाकटी माझ्याजवळ आली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चित्राकडे.

"तुम्हीच का त्या पुढच्या?"

"हो," म्हटलं. "मीच."

नोंद : चित्रात सायलेन्सर डाव्या बाजूला काढला होता. तो पुसून उजवीकडे काढून दिला. बाकी काही बदलावं लागलं नाही.